पर्गोला वरच्या वजनाने पडत नाही

परसात पर्गोला, म्हणजे खांबांवर उघड्या तुळया-वाशांचा सावलीचा मांडव, घालायचा ठरला की सगळी चर्चा लाकडाच्या जाडीभोवती फिरते. वासे किती इंची, तुळई किती इंची, खांब अजून जाड नको का. आधी एक साधा हिशेब करून बघा. ४ बाय ३ मीटरवर चार खांब, त्यांवर दुहेरी तुळया, नऊ वासे आणि वाशांवर चाळीसेक रिपा, म्हणजे बारीक लाकडी पट्ट्या. खांबांच्या वरचं हे सगळं लाकूड भरतं साधारण ०.८ घनमीटर, म्हणजे वाळलेल्या लाकडाचं वजन पाचशे किलोच्या आसपास. एका खांबाच्या वाट्याला सव्वाशे किलो. १५० मिमी चौरस खांब याच्या कित्येक पट ओझं सहज पेलतो. बर्फ साचणाऱ्या प्रदेशात हिशेब वेगळा करावा लागतो. बाकी ठिकाणी वरून येणारं ओझं ही पर्गोल्याची अडचणच नाही.

तरीही पर्गोले डुलतात, एका अंगाला कलतात, खांब बुडातून मऊ होतात. यामागे दोनच गोष्टी असतात: आडवा वारा आणि जोडांत साचलेलं पाणी. म्हणून जाड लाकडावर जो खर्च वाढवायचा विचार असतो, तो पाया, तिरपे टेकू आणि सांध्यांची झाकणं यांकडे वळवा. खाली सगळी मापं ४ बाय ३ मीटरच्या पर्गोल्याची दिली आहेत. सहा माणसांचं टेबल, मागे सरकणाऱ्या खुर्च्या आणि त्यांच्यामागून जायला वाट, एवढ्याला हे माप पुरतं. त्याहून लहान केलात तर खुर्ची मागे ओढताना दर वेळी खांब आड येतो.

आखणी

जागा पक्की करण्याआधी तिथे जमिनीखालून नळ, ड्रेनेज किंवा वीजतार गेली आहे का ते पाहून घ्या आणि कुंपणापासून किती अंतर सोडायचं याचा स्थानिक नियम विचारून घ्या. खड्डे झाल्यावर दोन्ही गोष्टी महाग पडतात.

४ बाय ३ या मापाचा एक मोठा फायदा असा की त्याचा कर्ण नेमका ५ मीटर येतो. कोपऱ्यात खुंट्या ठोका, लाइनदोरी ताणा आणि दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही ५.०० मीटर आले की चौक काटकोनात आहे, गुण्या लावायचीही गरज नाही. एक कर्ण ५.०३ आणि दुसरा ४.९७ असा निघाला तर "चालेल" म्हणू नका. जमिनीवरचा तो फरक वर रिपांपर्यंत पोचतो, शेवटची रीप तुळईशी समांतर बसत नाही आणि खाली बसणाऱ्याला ती तिरकी फट रोज दिसते. मापं खांबाच्या मध्यापासून मध्यापर्यंत धरा. खुंट्या खड्ड्यात जातील, म्हणून प्रत्येक कोपऱ्याच्या बाहेर अर्ध्या मीटरवर आणखी दोन खुंट्या ठोकून दोरी तिथे बांधा. खड्डा झाल्यावर दोरी पुन्हा ताणली की मध्य परत सापडतो.

पाया आणि खांबाचं बूड

खड्डा ४० सेंमी चौरस, ६० सेंमी खोल. जमीन भुसभुशीत किंवा भरावाची असेल तर ७५ ते ९० सेंमी, आणि जिथे जमीन गोठते तिथे गोठण्याच्या पातळीखाली जावं लागतं. तळ धुम्मसाने ठोकून घ्या. चार खड्ड्यांना मिळून साधारण ०.४ घनमीटर काँक्रीट लागतं. १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) मिश्रणात याला ५० किलोची अडीच पोती सिमेंट, अंदाजे ०.१८ घनमीटर वाळू आणि ०.३५ घनमीटर खडी लागते. तीन पोती आणून ठेवा, कारण खड्ड्याच्या कडा कधीच सरळ निघत नाहीत. पाणी बेताने घाला. घमेल्यातून सूपासारखं ओघळणारं काँक्रीट भरायला सोपं जातं, पण वाळल्यावर कच्चं राहतं.

एका खड्ड्यातलं काँक्रीट सव्वादोनशे किलोच्या पुढे जातं. हे वजन खांबाला खाली धरून ठेवण्यासाठी आहे. ताशी १०० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण ४७ किलो भरतो. उघड्या रिपांतून वारा निघून जातो. पण वर पत्रा किंवा घट्ट कापड आलं की १२ चौरस मीटरवर हाच दाब साडेपाचशे किलोच्या घरात जातो, आणि तो बऱ्याचदा वरच्या दिशेने उचलतो. आज उघडा पर्गोला बांधून दोन वर्षांनी छत घालायचा मनात विचार असेल तर पाया आजच त्या हिशेबाने करा. नंतर खांब उभा असताना पाया वाढवणं फार त्रासाचं काम आहे.

लाकडी खांब काँक्रीटमध्ये गाडू नका. यावर माझं मत ठाम आहे. गाडलेला खांब सुरुवातीला दगडासारखा पक्का वाटतो. मग लाकूड वाळून आकसतं, काँक्रीट तसंच राहतं, आणि दोन्हींच्या मध्ये पोस्टकार्डाच्या जाडीची फट पडते. पावसाचं पाणी खांबावरून ओघळत त्या फटीत उतरतं आणि तिथून त्याला बाहेर पडायला वाट नसते. खालचा भाग ओला, वरचा कोरडा. या सीमेवर ओल आणि हवा दोन्ही मिळतात, तिथेच बुरशी धरते. वाळवीलाही हीच वाट सोयीची. त्यापेक्षा काँक्रीटचा चौथरा जमिनीपासून १५ सेंमी वर काढा, त्याच्या माथ्याला मध्यापासून कडेकडे थोडा उतार द्या आणि खांब लोखंडी बैठकीवर असा ठेवा की लाकडाचं बूड काँक्रीटपासून २० ते २५ मिमी अधांतरी राहील. बैठक गरम जस्ताचा मुलामा दिलेली हवी. खांबाचं बूड म्हणजे उघडे रेशे. तिथून लाकूड बाजूंपेक्षा कित्येक पट वेगाने पाणी पितं. म्हणून उभा करण्याआधी ते टोक लाकूडरक्षकात बुडवून ठेवा, नुसता ब्रश फिरवून भागत नाही.

दिव्यांची किंवा पंख्याची तार न्यायची असेल तर २५ मिमीचा पाइप काँक्रीट ओतायच्या आधीच खड्ड्यातून वर काढून ठेवा. हे हमखास राहून जातं, आणि मग खांबावर बाहेरून पट्टी ठोकत बसावं लागतं.

काँक्रीट सात दिवस ओलं ठेवा, गोणपाट टाकून. घाई करून तिसऱ्या दिवशी बोल्ट आवळले की कडा फुटतात.

खांबांचे माथे आणि तुळया

खांब आधीच मापात कापून आणू नका. चौथरे कितीही काळजीने केले तरी एक-दोन सेंमीचा फरक राहतो. खांब थोडे लांब ठेवा, ओळंब्यात उभे करा, दोन दिशांनी तात्पुरत्या पट्ट्या मारून धरा आणि मग पारदर्शक नळीच्या पाणसळीने चारही खांबांवर एकच पातळी आखा. नळीत एकही बुडबुडा नको, नाहीतर दोन टोकांचं पाणी खोटी पातळी दाखवतं. त्या खुणेवरून माथे कापा. तुळईची खालची कड जमिनीपासून किमान २.३ मीटर ठेवा. पंखा लावायचा असेल तर पाती २.४ मीटरच्या वर राहतील असं बघा.

तुळया ५० बाय २०० मिमीच्या, ४.८ मीटर लांब, प्रत्येक बाजूला दोन. म्हणजे ४ मीटरच्या गाळ्याबाहेर दोन्हीकडे ४० सेंमी टोक निघतं. तुळई खांबाच्या अंगाला नुसत्या बोल्टने लटकवण्याची पद्धत मला पटत नाही. अशा जोडात सगळं वजन बोल्टच्या दांड्यावर येतं आणि लाकूड वाळलं की भोक लांबट होतं. खांबाच्या माथ्याला दोन्ही बाजूंनी ५० मिमी खोल आणि २०० मिमी उंच खाच काढा. मध्ये ५० मिमीची जीभ उरते, तुळया खाचेच्या खांद्यावर बसतात आणि बोल्टला फक्त धरून ठेवायचं काम उरतं. प्रत्येक जोडाला १२ मिमीचे दोन बोल्ट, एकाखाली एक नको, तिरक्या रेषेत. एकाच रेशावर दोन भोकं पडली की चीर तिथूनच सुरू होते. भोक १३ मिमीचं, टोकापासून ८५ मिमी आणि कडेपासून ५० मिमी आत. दोन्ही बाजूंना मोठे वायसर लावा. साधे काळे बोल्ट किंवा पातळ चकचकीत मुलाम्याचे बोल्ट नकोत: कुजू नये म्हणून रसायन मुरवलेल्या लाकडातलं तांबं त्यांना खातं, आणि सागवानासारख्या लाकडात लोखंडाभोवती काळे ओघळ येतात. गरम जस्ताचा मुलामा किंवा स्टेनलेस स्टील, या दोनच गोष्टी बाहेर टिकतात.

तिरपे टेकू

खांबाची लोखंडी बैठक त्याला वर उचलू देत नाही, सरकू देत नाही. पण ती त्याला डुलण्यापासून वाचवत नाही. तिथे खांब जवळजवळ बिजागरीवरच उभा असतो. वर तुळईच्या जोडाचीही तीच गत. चार बिजागऱ्यांची चौकट ढकलली की तिचा तिरका समांतरभुज चौकोन होतो. त्रिकोणाचा मात्र आकार बदलत नाही. म्हणून प्रत्येक खांबाला दोन दिशांनी दोन असे आठ टेकू लागतात. ५० बाय १०० मिमीचं लाकूड, ४५ अंशांत, खांबावर ६० सेंमी खाली आणि तुळईवर ६० सेंमी पुढे. टेकूची लांबी ८५ सेंमी येते. दोन्ही टोकांना बोल्ट. खिळे वाऱ्याच्या झोक्यांनी हळूहळू बाहेर येतात. तुळई ज्या दिशेने जाते त्या बाजूचे चार टेकू सगळे लावतात. आडव्या दिशेचे चार राहून जातात, कारण त्या बाजूला तुळईच नसते. तिथे खांबांच्या ओळीतला वासा दुहेरी करा आणि टेकू त्याला जोडा. पर्गोला नेहमी या दुसऱ्या दिशेनेच डुलतो.

पारख सोपी आहे. खांबाला खांद्याच्या उंचीवर तळवा लावून लयीत ढकला. माथा बोटभर हलत असेल तर टेकू कमी पडलेत किंवा बोल्ट ढिले आहेत. लोखंडी पर्गोल्यात हीच ताकद कोपऱ्यांच्या वेल्डिंगमधून आणि खालच्या जाड पाट्याला चार बोल्ट मारून मिळवता येते. तिथे चौकोनी पाइपचं वरचं तोंड झाकून घ्या आणि अगदी तळाशी ८ मिमीचं भोक पाडा. आत दवाचं पाणी जमतंच, आणि वाट नसली तर पाइप आतून गंजतो, बाहेरून रंग धड दिसत असताना.

वासे, रिपा आणि सावलीचं गणित

वासे ५० बाय १५० मिमी, ३.९ मीटर लांब, ६० सेंमी अंतराने नऊ. दुहेरी करायचे दोन वासे याशिवाय. फक्त वासे घालून थांबलात तर पर्गोला उभा दिसतो, सावली मिळत नाही. सूर्य डोक्यावर असताना ५० मिमीचा वासा ६०० मिमीतला फक्त बारावा हिस्सा झाकतो. सावली द्यायचं काम रिपांचं, आणि ते रिपांच्या रुंदीपेक्षा त्यांच्या उभ्या खोलीवर आणि दिशेवर ठरतं.

२५ बाय ७५ मिमीची रीप आडवी टाकू नका, कडेवर उभी ठेवा आणि दोन रिपांत ७५ मिमी फट सोडा. म्हणजे दर १०० मिमीला एक, ३.९ मीटरमध्ये चाळीस रिपा. ऊन रिपांच्या आडव्या दिशेने ४५ अंश तिरकं झालं की एका रिपेची सावली पुढच्या रिपेपर्यंत पोचते आणि खाली पूर्ण सावली होते. सूर्य तासाला साधारण १५ अंश सरकतो. जिथे उन्हाळ्यात दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर येतो, तिथे माथ्यावरून ढळल्यावर तीन तासांनी ही सावली पूर्ण होते. दोन तासांनीच हवी असेल तर फट ४३ मिमीची ठेवा. रिपा सत्तावन्न-अठ्ठावन्न लागतील. भर माध्यान्ही मात्र ७५ मिमी फटीच्या रिपा चौथाच भाग झाकतात. त्या वेळेची सावली हवी असेल तर कापड किंवा वेल लागेलच.

हे सगळं रिपा दक्षिणोत्तर धावत असतील तरच. पूर्व-पश्चिम उभ्या रिपा घातल्या तर सूर्य दिवसभर त्यांच्या फटींच्या रेषेतूनच चालतो आणि उन्हाळ्याची दुपार सरळ खाली उतरते. उलट हिवाळ्यात, दक्षिणेकडून येणारं हवंहवंसं खालचं ऊन त्या अडवतात. म्हणजे नेमकं उफराटं काम. जागेमुळे पूर्व-पश्चिम घालणं भागच असेल तर रिपा कलत्या बसवा: उत्तर गोलार्धात वरची कड दक्षिणेकडे, हिवाळ्यातल्या दुपारच्या उन्हाला समांतर. तेव्हा हिवाळ्याचं ऊन आत येतं आणि उन्हाळ्याचं अडतं.

रीप बसवताना दर वेळी टेप धरू नका. ७५ मिमी रुंदीचे दोन ठोकळे कापून घ्या आणि दोन्ही टोकांना धरून पुढची रीप लावा. स्क्रू वरून मारला तर त्याच्या डोक्याशी पाण्याची वाटी होते. म्हणून दोन्ही बाजूंनी तिरके मारा, आधी बारीक भोक पाडून. भोक न पाडता मारलेला स्क्रू रीपेचं टोक फाडतो.

पाणी कुठे थांबतं

रंग सगळे दिसणाऱ्या बाजूंना देतात. लाकूड कुजतं ते वरच्या, न दिसणाऱ्या बाजूने. तुळईच्या आणि वाशाच्या माथ्यावर बिटुमेनची किंवा ब्यूटिलची चिकटपट्टी लावा, दोन्ही कडांवरून ८-१० मिमी खाली उतरेल अशी, आणि मगच वरचा थर बसवा. दुहेरी तुळया एकमेकींना घट्ट चिकटवू नका. वर सांगितलेल्या खाचेमुळे मध्ये ५० मिमी मोकळी जागा राहते आणि वारा खेळतो. खांबाच्या जिभेचा माथा उघडा राहतो, त्यावर पत्र्याची टोपी.

लाकूड जोडण्याआधी सगळ्या बाजूंनी तेल द्या. मला बाहेरच्या कामाला जाड थराच्या वॉर्निशपेक्षा लाकडात मुरणारं तेल बरं वाटतं. वॉर्निश चकाकतं, पण एक केसाएवढी चीर पडली की पाणी थराखाली जातं आणि बाहेर येत नाही. तेल वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा द्यावं लागतं, पण खरवडावं लागत नाही.

ओलं लाकूड घेतलं असेल तर पहिला कोरडा हंगाम उलटल्यावर सगळे बोल्ट पुन्हा आवळा. १५० मिमीचा ओला खांब वाळताना पाच-सहा मिमी सहज आकसतो, आणि तेवढाच बोल्ट ढिला होतो. खांबाला लांबीच्या दिशेने पडलेल्या चिरांना घाबरू नका, गाभ्याच्या लाकडाला त्या पडतातच. चीर बोल्टच्या भोकातून जात असेल किंवा आडव्या तुळईच्या माथ्यावर असेल तरच तिची दखल घ्या.

नंतरची भर

सपाट पर्गोल्यावर पॉलिकार्बोनेट (प्लास्टिकचा पारदर्शक पत्रा) तसंच टाकलं तर पाणी साचून गळतं. किमान ५ अंश उतार लागतो, म्हणजे मीटरला ९ सेंमी, ३.९ मीटरच्या वाशाला ३५ सेंमीच्या आसपास. एका बाजूच्या तुळईवर लाकडी ठोकळे देऊन वासे उचलावे लागतील आणि ते ठोकळे वाऱ्याने उखडू नयेत म्हणून लोखंडी पट्ट्यांनी आवळावे लागतील. पोकळ कप्प्यांचा पत्रा असेल तर कप्पे उताराच्या दिशेने, छापील खुणेची बाजू आकाशाकडे, वरचं तोंड ॲल्युमिनियमच्या पट्टीने बंद आणि खालच्या तोंडाला हवा जाऊ देणारी पट्टी. दोन्ही तोंडं बंद केलीत तर आत वाफ धरून हिरवं शेवाळ येतं, आणि ते काढता येत नाही. ४ मीटरचा पत्रा ४० अंशांच्या फरकाने १० मिमी लांब होतो. म्हणून भोकं स्क्रूपेक्षा मोठी ठेवा आणि स्क्रू वायसर दबेल इतकेच आवळा.

शेडनेट लावायची तर ढोल ताणल्यासारखी ताणा. मध्ये झोळ राहिला आणि त्यात मीटरभर चौरसात सरासरी ५ सेंमी पाणी साचलं की ५० किलो वजन लटकतं. नेट तारेवर सरकती ठेवा, वादळापूर्वी एका बाजूला गोळा करता येते.

वेलींत द्राक्ष मला सर्वांत सोयीची वाटते: उन्हाळ्यात दाट पान, थंडीत पानगळ आणि ऊन मोकळं. जाई-जुई हलक्या. बोगनवेल सुंदर, पण काटेरी आणि वर्षागणिक जड होते. वेल लाकडावर थेट चढवू नका. ५ सेंमी अंतर सोडून तार ताणा, नाहीतर पानांखालचं लाकूड वाळतच नाही.

दिवे १२ किंवा २४ व्होल्टचे, पावसात चालणारे, पिवळसर उजेडाचे. पंख्याला मात्र पूर्ण दाबाची वीज लागते, तिथे वीज गळताच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच हवाच, आणि पंखा एका वाशाला न टांगता दोन वाशांमध्ये बसवलेल्या जाड आडव्या लाकडाला.

जुना खांब बुडातून गेला असेल तर

रंगाला खालच्या वीतभर भागात फोड आलेत, तिथे बोटाने दाबलं की आत पोकळ लागतं: स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा. चांगल्या लाकडात टोक दोन-तीन मिमी जाऊन अडतं; कुजक्या लाकडात मुठीपर्यंत शिरतं, आणि बाहेर काढल्यावर टोकाला ओला भुगा लागलेला असतो. अशा वेळी पूर्ण खांब बदलायची गरज नसते. शेजारी तुळईखाली जॅक आणि जाड टेकू लावा आणि तुळई दोनच मिमी उचला; त्याहून जास्त उचललीत तर वरचे जोड उघडतात. कुजलेल्या भागाच्या १५ सेंमी वर, धडधाकट लाकडात, खांब सरळ कापा. आता खाली नवीन लाकूड जोडत बसू नका, पाया उंच करा. जुना चौथरा टाचून खडबडीत करा, त्यात भोकं पाडून १२ मिमीच्या चार सळया चिकटवणाऱ्या रसायनाने बसवा, साचा लावून काँक्रीट हव्या त्या उंचीपर्यंत आणा आणि वर नवीन बैठक बसवा. जॅक सात दिवस काढू नका. खांबाचं कापलेलं टोक उघडंच असतं तोवर, त्या सात दिवसांत त्याला रोज एकदा लाकूडरक्षक पाजत राहा. जेवढं पिईल तेवढं.